आठल्येसरांच्या नावाचा दगड

१

शनिवारी सकाळी मी व्हरांड्यातला लाल पडदा बाजूला सारला, तर मागे नुसती भिंत.

भिंतीबद्दल माझी तक्रार नाही. नवा पिवळा रंग होता, दगड टेकवायला लोखंडी आधार ठोकलेले होते. दगड तेवढा नव्हता. 'नीलकंठ नरहर आठल्ये प्रकाशविज्ञान प्रयोगशाळा' अशी अक्षरं कोरलेला चुनारच्या खाणीतला दगड आदल्या संध्याकाळी त्याच भिंतीला टेकून उभा असलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. शनिवारी तो आधारांवर चढायचा होता, आणि सोमवारी कुलगुरू दोरी ओढून पडदा उघडणार होते. आता पडदा उघडून ते काय दाखवणार होते, पिवळा रंग?

माझा स्वभाव तिखट आहे असं आमच्या गल्लीत म्हणतात. असेल. पण त्या सकाळी मला राग आला नाही, रडू आलं. आठल्येसर माझे गुरू. मी त्यांच्याकडे भौतिकशास्त्र शिकले आणि आता त्याच विभागात शिकवते. ती जुनी प्रयोगशाळा म्हणजे सरांचं दुसरं घर. छत गळायचं, भिंगांवर बुरशी धरायची, आणि सर त्यातच पोरांना प्रकाश शिकवायचे. दुपारी आनंदीकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, डबा घेऊन यायच्या आणि दारातल्या पायरीवर बसून सरांची वाट पाहायच्या. आत कधी आल्या नाहीत. "मला काय कळतंय तिथलं," म्हणायच्या आणि पदराने वारा घेत बसायच्या. सर डबा विसरायचे, काकूंनाही विसरायचे. मग आम्ही मुली जाऊन सरांना सांगायचो.

सर गेले, आणि काकूंनी त्यांच्यामागे राहिलं होतं ते सगळं आणि स्वतःच्या पाटल्या घालून तीच प्रयोगशाळा नवी करायला दिली. विद्यापीठाने ठराव केला की दात्याच्या इच्छेप्रमाणे नाव देऊ. काकूंची इच्छा एकच, की 'त्यांचं' नाव लागावं. 'त्यांचं' म्हणजे कुणाचं, हे रजिस्ट्रारना सांगायला मला पुढे व्हावं लागलं, कारण काकू नवऱ्याचं नाव उच्चारत नाहीत. आम्ही बालाजी घाटाकडची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहून मराठीत निम्मी हिंदी कालवून बसलो. पुण्याचे पाहुणे आमचं बोलणं ऐकून हसतात. पण जुन्या बायकांची ही सवय काही सुटली नाही.

मी तशीच पडदा धरून उभी होते, तेवढ्यात प्रोफेसर चतुर्वेदी आले. आमच्याच विभागातले, वयाने मोठे. रिकाम्या भिंतीकडे पाहून त्यांनी मान हलवली.

"यह तो होना ही था, पद्मा जी," ते म्हणाले. "उनके भतीजे ने भरी कमेटी में कहा था, यह पत्थर दीवार पर मैं नहीं लगने दूँगा. मैंने अपने कानों से सुना."

सरांचा पुतण्या म्हणजे उल्हास. सरांना मूलबाळ नव्हतं. आईबाप लहानपणीच गेलेल्या या पोराला काकूंनीच वाढवलं होतं, आणि आता काकूंना आपलं म्हणून जगात तो एकटाच होता.

२

माझे वडील काशीनाथराव, म्हणजे आमचे अण्णा, मुगलसरायला रेल्वेत क्लेम इन्स्पेक्टर होते. हरवलेली पार्सलं शोधण्यात त्यांचा जन्म गेला. आंब्याच्या करंड्यांपासून लग्नाच्या भांड्यांपर्यंत काय काय त्यांनी हुडकून काढलं, हे सांगायला बसले की भात गार होतो. पण डोकं शाबूत आहे. मी रिक्षा करून त्यांना घेऊन आले.

प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर ओली गोणपाटं अंथरलेली होती आणि वरून फळी टाकलेली होती. अण्णा काठी टेकत फळीवरून चढले.

"हे काय आता?" त्यांनी विचारलं.

"ठेकेदाराचं काहीतरी डागडुजीचं चाललं असेल. त्याचं कधी संपलंय?" मी म्हटलं.

अण्णांनी भिंत पाहिली, लोखंडी आधार बोटाने वाजवून पाहिले, आणि खाली उतरून अंगणातल्या कडुनिंबाखाली उन्हात एका दगडावर जाऊन बसले. मधोमध झिजून गुळगुळीत झालेला, बसायला अगदी सोयीचा दगड होता. त्याच्या कडेला जुना चुना चिकटलेला होता. तो अण्णांच्या धोतराला लागला, म्हणून मी कटकट केली.

"पद्मे, मला एक सांग," धोतर झटकत अण्णा म्हणाले. "आठल्यांचं नाव कोरलेला दगड चोरून चोर काय करील? विकायला गेला तर घेणार कोण? ही चोरी नव्हे. माल हललाय, मुक्काम बदललाय. तो कुठे उतरवला, एवढंच पाहायचं."

विभागाचे स्टोअरकीपर श्रीराम पेठकर तोंड पाडून आले. दगडाचं दुःख त्यांना होतं, पण त्याहून मोठं दुःख वेगळंच होतं. त्यांच्या कोठीतली सिमेंटची एक गोणी फुटलेली होती आणि अर्धी रिकामी झाली होती.

"परमिटावर मिळतं हो सिमेंट," ते कळवळून म्हणाले. "वर्षभर चकरा मारल्या तेव्हा हातात आलं. आता ऑडिटवाल्याला काय सांगू?"

"दगड केवढा होता?" अण्णांनी विचारलं.

"तेच तर. भिंतीवर लावायला इतका जाड दगड कोणी करतं का? मी म्हटलं होतं, संगमरवराची पातळ पाटी करा, दोन खिळ्यांत बसेल. पण उल्हास ऐकेना. स्वतः चुनारला गेला, हवा तसा कापून आणला. दोघं जण उचलताना घामाघूम झाले."

"ते दोघं कोण?"

"उल्हास आणि मिस्त्री. मिस्त्री काल रात्रीच पुतणीच्या लग्नाला गाजीपूरला गेला."

चतुर्वेदींनाही अण्णांनी सोडलं नाही. प्रयोगशाळेला स्वतःच्या गुरुजींचं नाव लागावं म्हणून त्यांनीच कमिटीत खटपट केली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. अण्णांनी ते तोंडावर विचारलं.

"हाँ, मन में था," चतुर्वेदी सरळ म्हणाले. "पर आठल्ये जी मेरे भी मित्र थे. और पत्थर मैं उठाऊँगा? साहब, मैं तो झुककर अपने जूते का फीता नहीं बाँध पाता."

त्यांचे बूट बिनफितीचे होते. अण्णांनी मान डोलावली.

दुपारी रजिस्ट्रारांचा निरोप आला. सोमवारी समारंभाआधी दगड मिळाला नाही तर पोलिसात तक्रार जाईल, आणि तक्रारीत उल्हासचं नाव असेल. उल्हास बँकेत नोकरीला होता, तेव्हा नोकरी गेली असं समजायचं. पण मला काळजी काकूंची होती. आपल्या पोराने नवऱ्याचं नाव पळवलं हे त्या कशा सोसणार?

"उल्हास जेवायला घरी येतो ना?" अण्णा उठत म्हणाले. "आपणही तिथेच जेवू. वहिनींच्या हातचं खाऊन बरेच दिवस झाले."

३

काकूंना बातमी आमच्याआधी पोचली होती. गल्लीत बातमीला पाय नसतात, पंख असतात. काकूंनी पानं मांडली. उल्हास हात मागे घेऊन उभा होता. एरवी हा मुलगा घरात शिरला की काहीतरी टवाळी करणार, कुणीतरी "आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास" म्हणणार, आणि तोच सगळ्यात मोठ्याने हसणार. आज हसू नव्हतं.

वरणभात वाढला. उल्हास हळूच म्हणाला, "काकू, चमचा दे ना."

"चमचा?" काकूंनी वर पाहिलं. "ताप आहे का अंगात?"

"नाही. असंच."

आमच्या घरांतून चमच्याने वरणभात फक्त आजारी माणूस खातो. काकूंनी चमचा दिला, त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि पुन्हा जागेवर बसल्या. त्या हात लावण्यात इतकी माया होती की पुढचं ऐकायला मला नको वाटत होतं.

"उल्हास," त्या म्हणाल्या, "मी एकदाच विचारते. तो दगड तू हलवलास?"

उल्हासने चमचा खाली ठेवला. "काकू, सोमवारी सांगतो."

"आज का नाही?"

"सोमवारी सगळं सांगतो. तोवर कुणी काही विचारू नका. पोलिसांना बोलवायचं तर सोमवारी बोलवा."

"कमिटीत म्हणालास ते खरं? भिंतीवर लागू देणार नाही म्हणून?"

"खरं आहे."

काकूंचा चेहरा पांढरा पडला. आवाज मात्र चढला नाही. त्यांचा आवाज कधीच चढत नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं.

"तुला मी पोटचा मानला," त्या म्हणाल्या. "माझ्या पाटल्या गेल्या, मला काही वाटलं नाही. घर उद्या गेलं तरी वाटणार नाही. पण त्यांच्या नावाला हात लावलास. दगड जागेवर येईपर्यंत या घरात पाणीसुद्धा पिऊ नकोस."

उल्हास भरल्या पानावरून उठला. जाताना त्याने काकूंना वाकून नमस्कार केला. काकूंनी पाय मागे घेतले. दार वाजलं, आणि मग त्या बराच वेळ त्या ताटाकडे बघत राहिल्या. ते ताट त्यांनी मला उचलू दिलं नाही.

मी गल्लीत येताच तोंड सोडलं. "काय मेलं पोरगं. सोमवारी म्हणे. सोमवारी काय मुहूर्त आहे?"

"मुहूर्तच आहे," अण्णा म्हणाले. "पण कशाचा? रविवार तेवढा त्याला मधे हवाय. गुन्हा लपवणारा माणूस दोन दिवस मागत नाही, जन्मभर मागतो. आणि पद्मे, त्याला चमचा कशाला लागला?"

४

रविवारी सकाळी अण्णा मला घाटावर घेऊन गेले. मार्गशीर्षातली थंडी, पाण्यावरून वाफ उठत होती. बालाजी घाटाच्या जरा अलीकडे एक लहानसा उतार आहे. तिथल्या एका पायरीवर उल्हास बसला होता. सरांबरोबर तो लहानपणापासून रोज तिथेच आंघोळीला यायचा.

आम्हाला पाहून तो उठला आणि बसल्या जागेवर लोट्याने पाणी ओतून हाताने पुसू लागला. पायरीवर काहीतरी कोरलेलं होतं. शेकडो पायांनी अक्षरं झिजली होती, पण पाणी पडल्यावर 'आठल्ये' एवढं वाचता आलं.

"हे कोण?" मी विचारलं.

"काकांचे खापरपणजोबा," उल्हास म्हणाला. "त्यांनी या पायऱ्या दुरुस्त करवल्या. लोक म्हणाले, वर भिंतीत नाव कोरा, राजेलोकांसारखं. ते म्हणाले, नको, पायरीवर घाला. दान केलं की मनात गर्व उरतो. गंगेत न्हाऊन आलेल्या माणसांचे पाय रोज त्यावर पडले की तेवढा झिजतो."

अण्णा म्हणाले, "आणि नीलकंठ रोज इथे पाय ठेवून म्हणायचा, 'आजोबा, शिकवायला जातो.' मी ऐकलंय."

उल्हासच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो हसला. पायरी पुसताना गार पाणी हाताला लागलं की तो मधेच थांबत होता. त्याची बोटं मी तेव्हा प्रथम नीट पाहिली. टोकांची सालटं निघालेली, पेरांना चिरा पडलेल्या. बँकेत नोटा मोजून हातांचं असं होत नाही.

अण्णाही बोटांकडेच पाहत होते. मग नदीकडे बघत, हवापाण्याचं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "काय रे उल्हास, या थंडीत सिमेंट पक्कं धरायला किती वेळ लागतो?"

उल्हासच्या हातातला लोटा सुटला आणि पायऱ्यांवरून वाजत वाजत पाण्यात गेला.

५

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," परत येताना अण्णा म्हणाले. "दगड प्रयोगशाळेतून हललेलाच नाही. काल आपण दोघं त्याच्यावरून गेलो, फळीवरून."

मी गल्लीत मधोमध थांबले. मागून येणाऱ्या सांडाने मला भिंतीकडे ढकललं तेव्हा भानावर आले.

दुपारी आम्ही प्रयोगशाळेत गेलो. आवारात कुणी नव्हतं. अण्णांनी काठीने फळी सरकवली आणि सगळ्यात वरच्या पायरीवरचं ओलं गोणपाट उचललं. खाली चुनारचा दगड होता, चारी बाजूंनी ताज्या सिमेंटमध्ये बसवलेला, अक्षरं वर करून. नीलकंठ नरहर आठल्ये.

"भिंतीची पाटी इतकी जाड कशाला, असं श्रीराम म्हणाला होता ना?" अण्णा म्हणाले. "भिंतीसाठी ती कापलेलीच नव्हती. उल्हासने पायरीच्या मापाने कापून आणली. सिमेंट गेलं ते इथे, आणि मिस्त्रीने हात लावून मगच गाजीपूरची गाडी धरली. ठेकेदाराचा माणूस मला काल दिसला नाही, पण गोणपाट मात्र ओलं होतं. कुणीतरी येऊन त्यावर पाणी मारत होतं. सिमेंट हात खातं, म्हणून चमचा. आणि ओलं सिमेंट असताना दगड उपसून काढता येतो, पक्कं धरल्यावर फोडल्याशिवाय निघत नाही. म्हणून सोमवार."

"आणि इथे आधी होती ती पायरी?"

अण्णा कडुनिंबाकडे पाहून ओशाळले. "तिच्यावर तर मी बसलो होतो. चुना धोतराला लागला, तू बोललीस, तरी माझ्या डोक्यात आलं नाही. म्हातारा झालो."

पुढचं त्यांनी घाटावर, मी लोटा काढायला पाण्याशी उतरले तेवढ्यात, उल्हासकडून काढून घेतलं होतं. आजारपणात सरांनी त्याला सांगितलं होतं की, नाव घालाल तर दारातल्या पायरीवर घाला. उल्हासने कमिटीला विनवलं. कमिटी हसली. आठल्येसरांचं नाव पायाखाली? विद्यापीठाची काही इभ्रत आहे की नाही? तेव्हा तो चिडून भिंतीवर लागू देणार नाही म्हणाला, आणि लोकांनी तेवढंच लक्षात ठेवलं. चतुर्वेदींना मी नंतर छेडलं तर म्हणाले, "हाँ, सीढ़ी-वीढ़ी कुछ कह रहा था. मैंने समझा, दुख में बहक गया है."

"पण मग त्याने काकूंना का नाही सांगितलं?" मी म्हटलं. "पानावरून उठला, पण बोलला नाही."

"ते तो मलाही सांगेना. म्हणाला, काकूंनाच सांगीन, आणि तिथेच. पण वहिनींना आज कळायला हवं. उद्या चारचौघांत त्यांच्या डोळ्यांदेखत त्या नावावर पाय पडले तर ते बरं दिसणार नाही."

आम्ही संध्याकाळी काकूंकडे गेलो. अण्णांनी त्यांना सगळं सावकाश सांगितलं. घाटावरची पायरी, सरांची इच्छा, उल्हासची बोटं. मला वाटलं, काकू रडतील आणि पोराला बोलावणं पाठवतील. काकू रडल्या नाहीत.

"लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्या ताटाला माझा पाय लागू दिला नाही," त्या म्हणाल्या. "त्यांच्या पुस्तकाला लागला तर नमस्कार केला. आता त्यांच्या नावावर लोक जोडे घालून चढतील? आणि मी? मी त्या दारातून आत जाऊ कशी?"

"वहिनी, त्याचीच इच्छा होती," अण्णा म्हणाले.

"असेल. त्यांना काय, ते गेले. देणारी मी आहे ना? मग उद्या मी येते. माझ्यासमोर तो दगड फोडून काढायचा."

६

सोमवारी काकू समारंभाच्या बऱ्याच आधी आल्या. मी हात धरून आणलं. उल्हास गोणपाट काढून पायरी धूत होता. काकूंना पाहून तो उठला आणि ओले हात पाठीमागे घेतले.

"दाखव," काकू म्हणाल्या.

त्याने हात पुढे केले. काकू त्या बोटांकडे पाहत राहिल्या, पण हात हातात घेतले नाहीत.

"त्यांनी तुला सांगितलं. मला का नाही सांगितलं?"

"काका म्हणाले, तिला सांगू नकोस," उल्हास म्हणाला. "म्हणाले, तिला माझं खरं कारण आवडायचं नाही. लोकांना खापरपणजोबांचं सांग, दानाचं सांग. पण खरं कारण ती पायरी आहे."

"कसलं कारण?"

"काका म्हणाले, उभ्या जन्मात ती डबा घेऊन त्या पायरीवर बसली. मी आत भिंगं पुसत बसलो. एकदा तिला म्हटलं नाही की आत ये, इंद्रधनुष्य कसं पडतं ते बघ. तिनं माझी वाट पाहिली त्या पायरीवर. आता मी तिथे बसतो. ती येईपर्यंत मी तिची वाट बघीन."

काकूंनी आजूबाजूला पाहिलं आणि त्यांना कडुनिंबाखालचा दगड दिसला, मधोमध झिजलेला. त्या तिथवर गेल्या आणि त्यावरून हात फिरवला.

"ही माझी पायरी," त्या म्हणाल्या. "फेकली नाहीस ना?"

"नाही, काकू. ती कशी फेकीन?"

मी तोंड फिरवून उभी राहिले. तिखट माणसाला रडताना कुणी पाहू नये.

तेवढ्यात गाड्या आल्या. कुलगुरू, रजिस्ट्रार, हारतुरे. चतुर्वेदी, श्रीराम पेठकर, विद्यार्थ्यांचा घोळका. रजिस्ट्रारांनी पडद्यामागची मोकळी भिंत पाहिली, मग पायरी पाहिली, आणि त्यांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला.

"यह क्या मज़ाक है? आठल्ये जी का नाम पैरों के नीचे? अभी उखड़वाइए इसे."

कुलगुरूंनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि काकूंकडे वळून नम्रपणे म्हणाले, "माताजी, दान आपका है. जैसा आप कहें."

सगळे काकूंकडे पाहू लागले. उल्हासने डोळे मिटून घेतले. काल संध्याकाळी काकू काय म्हणाल्या होत्या ते मला ठाऊक होतं, अण्णांना ठाऊक होतं. काकू चपला काढून सावकाश पायऱ्या चढल्या आणि वरच्या पायरीशी येऊन थांबल्या. पुढे नाव होतं आणि नावापलीकडे उघडं दार. पाय पुढे पडेना, मागेही जाईना.

त्या क्षणी मला काय सुचलं कोण जाणे. मी बाजूच्या फळीवरून त्यांच्या पुढे गेले आणि दोन्ही हात चौकटीला लावून दारात आडवी उभी राहिले. नव्या नवरीला घरात येताना आम्ही अडवतो, तशी.

"काकू, नाव घ्या," मी म्हटलं. "नाव घेतल्याशिवाय आत सोडायची नाही."

श्रीराम पेठकरांनी जीभ चावली. विधवेला उखाणा घ्यायला सांगत नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको होतं. अण्णा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता थोबाडीत बसते. मग त्यांनी पदर सारखा केला, खाली दगडाकडे पाहिलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या:

"डबा घेऊन बसले दारी, कधी गेले नाही आत,
पायरीवरून नीलकंठरावांनी आज दिला हात."

आणि निऱ्या किंचित उचलून, उजवा पाय आधी, ते नाव ओलांडून त्या आत गेल्या. मी बाजूला झाले.

घोळक्यातल्या मराठी मुली आधी भानावर आल्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनी न कळताच वाजवल्या. कुलगुरू चतुर्वेदींकडे झुकून म्हणाले, "क्या कहा इन्होंने?"

चतुर्वेदींना मराठीतलं कितपत कळलं होतं, देव जाणे. रुमालाने नाक पुसत ते म्हणाले, "नामकरण हो गया, सर."

काकू आतूनच विद्यार्थ्यांना म्हणाल्या, "आओ बच्चो, ठिठको मत. पाँव रखकर आओ. उनको अच्छा लगेगा." मुलं आधी बिचकली, मग एकेक करून आली. कुणी चपला काढल्या, कुणी नाही. काकूंनी कुणाला टोकलं नाही. मी खिडकी उघडून लोलक उन्हात धरला, तेव्हा समोरच्या भिंतीवर सात रंग उतरले. काकू ते पाहत उभ्या राहिल्या. त्यांच्या पांढऱ्या पातळावर तांबडा रंग पडला होता, तो त्यांनी झटकला नाही.

उल्हास दाराबाहेरच उभा होता. पाणीसुद्धा पिऊ नकोस म्हणालेल्या काकूंच्या घरी जायचं की नाही, ते त्याला कळत नसावं.

"तिथे काय उभा राहिलास?" काकू म्हणाल्या. "घरी चल, शनिवारचं जेवण राहिलंय तुझं."

"येतो, काकू."

"आणि चमचाबिमचा मिळायचा नाही. हात बरे होईपर्यंत मी भरवीन."